टिल्टरोटर, हेलिकॉप्टर की विमान? आधी उतरायची जागा बघा

माझी भाची इथेच बडोद्याला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला प्रोजेक्टसाठी ठरवायचंय की लांबच्या, अडचणीच्या जागी जवान आणि सामान न्यायला काय बरं, हेलिकॉप्टर, साधं विमान की अमेरिकेचं ते ऑस्प्रे, म्हणजे टिल्टरोटर. तिचं मन ऑस्प्रेवर बसलंय आणि ते मला पटतं, पंखे वर करून जागच्या जागी उठायचं आणि मग १२ सेकंदांत तेच पंखे पुढे वळवून विमानासारखं निघून जायचं, असं यंत्र बघितल्यावर कोणीही खुळावेल. पण मी हवाई दलात ‘मी-१७’ हेलिकॉप्टरवर इंजिन फिटर होतो, त्यामुळे तिला म्हटलं स्पीड नंतर बघू, आधी सांग उतरायचं कुठे आणि हवेत एका जागी थांबायचं किती वेळ.

विमानाचं लगेच निकालात निघतं. आपल्या बडोद्यावरून सी-२९५ उडताना दिसतं ना, ५६ घेतली त्यातली ४० इथल्याच टाटाच्या कारखान्यात बनायची आहेत, ते ७१ जवान किंवा ९ टनांपर्यंत सामान घेऊन ताशी ४८० किलोमीटरने जातं आणि कच्च्या पट्टीवरही उतरतं. पट्टी असेल तर विमानच घ्यायचं, कमी इंधनात जास्त वजन जातं, पुढे वाचायचीही गरज नाही.

पट्टी नसेल तेव्हा खरी लढत. हेलिकॉप्टरला वेगाची एक भिंत आहे, पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्यावर चाल करून जातं आणि दुसऱ्या बाजूचं मागे हटतं, वेग वाढला की त्या मागे हटणाऱ्या पात्याची उचल संपते, म्हणून मी-१७ अडीचशेच्या आसपास थांबतं आणि एवढं दांडगं चिनूकसुद्धा तीनशेच्या जवळपासच. ऑस्प्रे एकदा विमान झालं की वजन पंख उचलतात, त्यामुळे ते पाचशेपर्यंत जातं आणि २४ जवान नेतं.

पण हाच पंखा हेलिकॉप्टरसाठी लहान आणि विमानासाठी मोठा आहे. हिशोब करून बघा, ऑस्प्रेचे दोन रोटर प्रत्येकी साडेअकरा मीटर व्यासाचे आणि उभं उठताना वजन २३ टनांवर, म्हणजे रोटर फिरतो त्या वर्तुळाच्या दर चौरस मीटरवर शंभर किलोंपेक्षा जास्त भार, मी-१७ चा एकच रोटर २१ मीटरचा आणि वजन १३ टन, तर भार ३६-३७ किलो. तिप्पट! तो भार खालच्या हवेलाच झेलावा लागतो. आमच्या दांडिया बाजारात एखाद्या अगाशीवरून माणूस दोरीने उचलायचा झाला तर मी मी-१७ मागवीन, ऑस्प्रेच्या वाऱ्याने शेजारचे पत्रे उडतील आणि खालच्या माणसाला उभंही राहता येणार नाही. विरळ हवेतही तेच, लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीसारख्या १६ हजार फुटांवरच्या जागी लहान रोटरला हवेत एका जागी थांबणं फार जड जातं. आणि विमान-मोडमध्येच धावपट्टीवर उतरीन म्हणाल तर तेही नाही, पंखे जमिनीला लागतील.

आणखी एक, दोन रोटर शेजारी-शेजारी असले की भानगड वेगळी होते. एप्रिल २००० मध्ये अ‍ॅरिझोनात एक ऑस्प्रे पुढचा वेग कमी असताना फार भराभर खाली आलं, उजवा रोटर स्वतःच्याच वाऱ्याच्या भोवऱ्यात सापडला आणि डाव्याची उचल तशीच, विमान पलटी झालं, १९ जण गेले. हेलिकॉप्टरही त्या भोवऱ्यात सापडतं, पण बहुतेक वेळा सरळ खाली बसतं, असं एका अंगावर उलटत नाही.

आता गिअरबॉक्स, इथे मला जरा थांबायचंय. आम्ही मी-१७ च्या गिअरबॉक्सचा, तेलातला लोखंडाचा चुरा पकडणारा चुंबकाचा प्लग काढायचो, पांढऱ्या कापडावर पुसायचो, तर त्यावर काळसर राखाडी लव असायची, दोन बोटांत चोळली की मऊ लागते, ती चालते, नेहमीच्या झिजेची. पण बोटाला कड लागली, नखाच्या कापासारखी चकाकणारी कपची दिसली, की मशीन तिथेच उभं, वरून कितीही फोन येवोत. ऑस्प्रेमध्ये दोन्ही इंजिनं पंखातून जाणाऱ्या एका शाफ्टने जोडलेली आहेत, एक बंद पडलं तर दुसरं दोन्ही रोटर फिरवतं, हे उत्तमच आहे, पण रोटरपाशीचा गिअरबॉक्सच फुटला तर त्याला पर्याय नाही. २९ नोव्हेंबर २०२३ ला जपानच्या याकुशिमाजवळ तेच झालं, डाव्या गिअरबॉक्समधलं एक पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, तुटलं, ८ जण गेले, आणि त्याआधी वाटेत चिपच्या, म्हणजे तेलात धातूच्या कपच्या सापडल्याच्या, वॉर्निंग एकामागून एक येत होत्या. ते वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. नंतर सगळी ऑस्प्रे मार्च २०२४ पर्यंत जमिनीवर होती.

मग घ्यायचं कधी? वाट लांब, मधे पाणी आणि पलीकडे पट्टी नाही, तेव्हाच. कोची ते लक्षद्वीपचं मिनिकॉय बेट घ्या, सुमारे ४०० किलोमीटर समुद्र, मिनिकॉयला पट्टी नाही. मी-१७ ला एका बाजूचे पावणेदोन तास, टिल्टरोटरला तासाभराच्या आत, आणि आजारी माणूस आत असेल तर तो फरक फार मोठा आहे. अमेरिकेबाहेर ऑस्प्रे फक्त जपानने घेतली, १७, दक्षिणेकडच्या लांब बेटांसाठीच, आणि अमेरिकन नेव्ही त्यातून विमानवाहू जहाजावर सामान नेते, तेही याच कारणाने.

ऑस्प्रेच्या पुढचं टिल्टरोटर व्ही-२८० मला जास्त आवडतं, डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकन आर्मीने निवडलं. त्यात इंजिन वळत नाही, फक्त रोटरचा भाग वळतो, त्यामुळे गरम धूर खाली जमिनीवर न जाता मागेच जातो.

भाचीला मी सांगितलंय, टिल्टरोटरच करायचं तर मिनिकॉय घे, लडाख घेतलंस तर हेलिकॉप्टर घे, आणि दोन्हींत वेगाच्या तक्त्याआधी गिअरबॉक्सचं ड्रॉइंग काढ, रविवारी घेऊन ये, आपण दोघं बसून बघू.