गिटार अँपचा हम (घूंऽऽ आवाज) घालवायला एकच बोर्ड की आयसोलेटर?
बॅकिंग ट्रॅकसाठी, म्हणजे साथीच्या रेकॉर्डेड संगीतासाठी, लॅपटॉप अँपला जोडला आणि चार्जर लावला की घूंऽऽ सुरू, चार्जर काढला की गप्प, म्हणजे बहुतेक ग्राउंड लूप (दोन्ही उपकरणांच्या अर्थचं केबलमधून बनलेलं वर्तुळ), गिटारचा काही दोष नाही. अँप आणि लॅपटॉप एकाच थ्री-पिन बोर्डवर घेतले तर फुकटात काम, माझी निम्म्याहून जास्त घरघर गेली पण बारीक किणकिण राहिलीच. आयसोलेटर म्हणजे केबलच्या मधे टाकायची डबी, आत चिमुकले ट्रान्सफॉर्मर, सिग्नल जातो पण दोन्हीकडच्या अर्थचा संबंध तुटतो. आवाज साफ बंद! फक्त स्वस्तातल्या डबीत बेस पातळ होतो, किक ड्रम नुसता टकटक वाजतो. मी तरी आधी बोर्डच बघीन. आणि अर्थची पिन कापा म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, शॉक बसेल.