‘प्रोबेशनची मुदत संपतेय’ म्हणणाऱ्याला दमडी देऊ नका

कोर्टाच्या आवारात अंगावर काळा कोट नाही, पण हातात फाइल आहे असा माणूस गोड बोलू लागला, तर तिथूनच मागं फिरा. माझे ३८,५०० रुपये गेले. आधी ८,५००, मग १८,०००, शेवटी १२,०००.

भाचा २० वर्षांचा. पेडण्यातल्या जत्रेत मारामारी झाली, त्यात दोषी ठरला. शिक्षेसाठी पुढची तारीख पडली. तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडतात, ते प्रोबेशन; आशा त्याचीच होती. ताईचं रडणं थांबेना. हा फाइलवाला म्हणाला, "मामा, प्रोबेशनचा निर्णय ३० दिवसांत झाला नाही तर पोर थेट कोलवाळच्या तुरुंगात. फी भरली तर मुदत ४५ दिवस होते." वर मोबाइलवर कलमही दाखवलं. कलम खरं निघालं, याचाच संताप! फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २५८. पण ते ३० आणि ४५ दिवस सत्र न्यायालयात युक्तिवाद संपल्यावर निकाल द्यायला आहेत. प्रोबेशनच्या १९५८ च्या कायद्यात निर्णयाला दिवस ठरवूनच दिलेले नाहीत. उलट २१ च्या आतल्या मुलाबाबत कोर्टच प्रोबेशन अधिकाऱ्याचा रिपोर्ट मागवतं, तुरुंगात पाठवायचं तर कारणं लिहावी लागतात. कलम ६ वाचा.

१८,००० चा क्यूआर स्कॅन केला, तर नाव आलं कुठल्याशा मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं. बोट थांबलं होतं माझं. "साहेबांच्या नावावर घेता येत नाही हो मामा." ताई शेजारी उभी, पदर तोंडाला. त्या घटकेला कोण उलटतपासणी घेईल? पावती मागितली, तर ‘मुदतवाढ शुल्क’ लिहिलेला कागद दिला. शिक्का होता, पण कोर्टाचं नाव नाही. शिक्का आधी वाचा.

पुढं प्रोबेशन अधिकारी घरी आले, शेजाऱ्यांशी बोलले, चहासुद्धा घेतला नाही. या रिपोर्टला फी नसते. भाचा जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सुटला.

मग पोलिसांकडं गेलो. आधी म्हणे हे सायबर फसवणुकीचं, १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. तिथून पुन्हा ठाण्यात. तिसराच हवालदार म्हणाला, "साहेबांसाठी दिले म्हणता? मग लाच देणारेही तुम्हीच." जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायचं असतं म्हणे. ही मुदत मात्र खरी, आणि ती केव्हाच गेली होती! फी म्हणून दिले, लाच कसली? अर्ज घ्या, पोच द्या, एवढंच मागत होतो. पोच नाहीच. कोठडीत असलेल्याला आणि बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, हेही तिथं कुणी सांगितलं नाही.

परवा तो दलाल तिथंच दिसला. म्हणाला, "मामा, पोर सुटलं ना? मग?" ठाण्यातला साहेबही अगदी हेच म्हणाला होता.