संगीताच्या व्यवसायावर लघुप्रबंध: महोत्सव घ्यावा, की क्लास?

एम.ए. संगीत किंवा एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शास्त्रीय संगीताच्या अर्थकारणावर लघुप्रबंध लिहायचं ठरलं, की मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यापुढे तीन वाटा असतात. संगीत महोत्सव, संगीताचे क्लास आणि परीक्षा, नाहीतर ध्वनिमुद्रणं आणि त्यांवरचे हक्क. बहुतेक जण महोत्सवाकडे वळतात. माझं मत क्लासच्या बाजूचं आहे.

महोत्सवाची ओढ समजण्यासारखी आहे. नांदेडचा संगीत शंकर दरबार, छत्रपती संभाजीनगरचा वेरूळ-अजिंठा महोत्सव ही नावं मुखपृष्ठावर शोभतात. एकामागे शिक्षण संस्था, दुसऱ्यामागे सरकारी यंत्रणा. त्यामुळे तुलनाही चांगली होते. वेरूळ महोत्सवात मध्ये काही वर्षं खंड पडला. सरकारी पैशावर उभा राहिलेला महोत्सव कशाने थांबतो आणि कशाने परत सुरू होतो, एवढ्यावरही एक प्रकरण लिहिता येईल.

पण आकडे मिळवताना दमछाक होते. मुख्य कलाकाराचं मानधन आयोजक सहसा सांगत नाहीत. साथीदारांची बिदागी कित्येकदा मुख्य कलाकारामार्फतच जाते, म्हणजे ती हिशेबाच्या वहीत वेगळी दिसतच नाही. समितीत तुमचं कुणी ओळखीचं नसेल तर एक महत्त्वाचं प्रकरण कोरं राहील. अशा वेळी स्मरणिका गोळा करा. कुठल्याही तालुक्याच्या गावातली संगीत सभेची स्मरणिका उघडा आणि जाहिराती कुणाच्या ते बघा: सराफ, पतसंस्था, खत-बियाण्यांचं दुकान, शिकवणीवाले. एकाच सभेच्या दहा वर्षांच्या स्मरणिका शेजारी शेजारी मांडल्या, की कोणता आश्रयदाता गेला आणि त्याच्या जागी कोण आला हे कुणालाही न विचारता कळतं. करांची बाजूही बघा. जीएसटी 2017 साली आला, तेव्हा शास्त्रीय आणि लोककलेच्या सादरीकरणाचं दीड लाखापर्यंतचं मानधन करमुक्त ठेवलं गेलं. तिकिटालाही तशीच सूट मिळाली, सुरुवातीला 250 रुपयांपर्यंतच्या आणि 2018 पासून 500 रुपयांपर्यंतच्या. आपल्याकडच्या बऱ्याच सभांना प्रवेश मोफतच असतो, त्यामुळे तिकिटाच्या सवलतीचा त्यांना काय उपयोग, हा प्रश्न अभ्यासण्यासारखा आहे.

क्लासचा विषय मात्र उगाच कमी लेखला जातो. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्यांनी 1931 साली गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं, आणि आज प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षांवर गावोगावचे क्लास चालतात. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. त्यामुळे फॉर्म किती भरले गेले आणि कोणत्या परीक्षेनंतर मुलं गळाली, हे शिक्षकाच्या वहीत तारखेनिशी सापडतं. शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण मिळतात. ते मिळाल्यावर किती मुलं पुढे टिकतात? लातूरमध्ये हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण संध्याकाळची जी वेळ पेटी-तबल्याच्या क्लासची, तीच वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या बॅचची.

खरं मोल त्यापुढच्या प्रश्नाला आहे. मंडळाची विशारद ही वरची परीक्षा झालेला तबलावादक पोट कशावर भरतो? शाळेतली नोकरी दुर्मिळ. आकाशवाणीची कलाकार म्हणून श्रेणी मिळाली तरी कार्यक्रम मोजके. इथे हरिनाम सप्ताह येतो, आणि सप्ताहाशिवाय मराठवाड्यातल्या संगीताचा हिशेब पुरा होत नाही. कीर्तनाला पखवाज, पेटी आणि गायक लागतातच. गावकरी वर्गणी काढतात, पाहुण्यांच्या जेवणाची पंगत ठरते आणि बिदागी बहुधा रोख दिली जाते. शास्त्रीय तालीम घेतलेले हात वर्षाचे कोणते महिने सप्ताहावर जगतात, पेरणीच्या दिवसांत काय करतात, दुष्काळी वर्षी वर्गणी आटली की काय होतं, हे नीट मांडलेलं मला फारसं वाचायला मिळालेलं नाही. बिदागीचा नेमका आकडा कुणी सांगेलच असं नाही. पण वर्षभरात किती सप्ताह केले आणि कोणत्या गावांत, हे मोकळेपणाने सांगतात. तेवढ्यावरही चांगला तक्ता होतो.

तिसरी वाट, ध्वनिमुद्रणांची, मी फक्त कायद्याची आवड असलेल्यालाच सुचवेन. 1902 साली गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायलं तिथपासूनचा इतिहास रंजक आहे, पण कंपन्यांचे हिशेब इथे बसून हाती लागत नाहीत. एक नेमका प्रश्न मात्र आवाक्यातला आहे. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर कलाकाराला रॉयल्टीचा हक्क आहे, आणि साथीदारही कलाकारच. आयोजक मैफल यूट्यूबवर टाकतात तेव्हा साथीदारांची लेखी संमती घेतात का? वीस-पंचवीस वादकांना विचारा, उत्तर मिळेल.

निवडताना वेळापत्रकही बघा. महोत्सव मुख्यतः हिवाळ्यात होतात. ते संपेपर्यंत चौथं सत्र सुरू झालेलं असतं आणि लिहायला जेमतेम दोन-तीन महिने उरतात. क्लासची माहिती वर्षभर मिळते. मार्गदर्शक वाणिज्य शाखेचे असतील आणि एखाद्या समितीचे हिशेब खरोखर बघायला मिळणार असतील, तर महोत्सव जरूर घ्या. तसा शब्द आधीच मिळालेला नसेल, तर तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच दोन क्लास गाठा आणि हिवाळी परीक्षेचे फॉर्म भरायच्या आधी त्यांच्या वह्या बघण्याची परवानगी लेखी घेऊन ठेवा.