इन्शुरन्स फ्रॉडची टिप कुठे द्यायची? कंपनी, एनआयसीबी की स्टेट (न्यू जर्सीवाल्यांसाठी)

कुणीतरी इन्शुरन्सला चुना लावतंय हे समोर दिसलंय आणि आता सांगायचं कुणाला एवढंच अडलंय, तर रस्ते तीन. कंपनीची एसआयू (कंपनीचंच फ्रॉड तपासणारं खास पथक), एनआयसीबी (नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरो), नाहीतर थेट स्टेट. मी तिन्हीकडे विचारून झालंय. (मेडिकेअरचा घोळ असेल तर ते फेडरलवाल्यांचं काम, ते यात धरलेलं नाही.)

माझी केस बॉडी शॉपची होती. मागचा बंपर ठोकला गेलेला, बाकी गाडी ठणठणीत, पण एस्टिमेटवाला टॅबलेट घेऊन गाडीभोवती फिरला, दरवाज्यावरच्या जुन्या ओरखड्याचे पण फोटो काढले आणि सरळ 'रिप्लेस' टाकून दिलं, वर म्हणे डिडक्टिबलची (क्लेममधला आपल्या खिशातून भरायचा वाटा) काळजी नको, ते यातच बसवतो. मी गाडी घेऊन निघालो.

आधी आपली कंपनीच आठवते आणि त्यात गैर काहीच नाही. ठराविक क्लेमबद्दल सांगायचंय, नंबर हाताशी आहे, तर बहुतेक एसआयूच बरी, कारण पैसे अजून त्यांच्याकडेच असतात, पेमेंट थांबवता येतं. माझं मात्र नेमकं तिथेच घोडं अडलं. क्लेम नंबर काय? अहो, क्लेम केलाच नाहीये अजून! मग ट्रान्सफर, परत पहिल्यापासून सगळं सांगा, आणि शेवटी परत तेच, क्लेम नंबर? अशाने माणूस वैतागून फोन ठेवून देतो. बरं, ते शॉप काय एकाच कंपनीच्या गाड्या घेतं? सगळ्यांचंच बिल फुगवत असणार, मग एका कंपनीला सांगून बाकीच्यांना कसं कळणार?

एनआयसीबीला असली अडचण नाही, नाव न सांगता पण टिप देता येते. पण ती सरकारी नाही, इन्शुरन्स कंपन्यांच्या पैशावर चालणारी नॉन-प्रॉफिट आहे, माहिती कंपन्यांना आणि पोलिसांना देते, खटला स्वतः भरू शकत नाही. गाडीचोरी किंवा दोन-चार राज्यांत पसरलेली टोळी वाटली तर मी तिथेच जाईन.

राहिलं स्टेट, आणि माझं मत तिकडे झुकतं. 1998 च्या कायद्याने इथे अॅटर्नी जनरलच्या हाताखाली इन्शुरन्स फ्रॉड प्रॉसिक्युटरचं ऑफिस झालं, ते क्रिमिनल बाजू बघतं. सिव्हिल बाजूला ब्युरो ऑफ फ्रॉड डिटरन्स, तिथे दंड पहिल्या वेळी 5,000 डॉलरपर्यंत, दुसऱ्यांदा 10,000, पुढे प्रत्येक वेळी 15,000. मला तिथे शॉपचं नाव, पत्ता आणि काय बघितलं एवढ्यावर तक्रार देता आली. शिवाय संशय आला की कंपनीलाही शेवटी स्टेटलाच कळवावं लागतं, मग मधे आपण कशाला ताटकळायचं?

नाव द्यावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी दिलं, कारण प्रामाणिकपणे, मनात आकस न ठेवता माहिती दिली तर बदनामीच्या दाव्यापासून इथला कायदा संरक्षण देतो, आणि नाव असलं की पुढे काही विचारायचं झालं तर त्यांना विचारता येतं. मला फोन आला तेव्हा पहिला प्रश्न एस्टिमेटची कॉपी आहे का हाच होता. ती शॉपमधून निघतानाच मागून घ्या, नंतर सहसा कुणी देत नाही.