खाज की ठणका? कॅलामाईन, लिग्नोकेन आणि बाम: कोणतं कधी लावावं

काजूच्या हंगामात बागेत शिरताना हाताला खाजकुयली लागते, पडवीत संध्याकाळी डास चावून काढतात, बंदरावर मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा बोटात घुसतो. तिन्ही वेळा मेडिकलमध्ये जाऊन "लावायला काहीतरी द्या" म्हटलं, तर तिन्ही वेळा एकच ट्यूब मिळणं बरोबर नाही. आधी दोन गोष्टी बघा: त्रास खाजेचा आहे की दुखण्याचा, आणि कातडी अखंड आहे की सोललेली.

डास, मुंग्या, घामोळं यांना पहिली निवड कॅलामाईन लोशन. त्यात झिंक ऑक्साइड असतं, गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा. ते नस बधिर करत नाही. लोशनमधलं पाणी उडतं तशी कातडी गार पडते आणि खाज निवते. पावडर तळाशी बसते, म्हणून बाटली हलवून घ्या आणि कापसाने टिपून लावा. आपल्या दमट हवेत ते लवकर सुकत नाही. लावल्यावर पंख्याखाली थोडं बसलं नाही तर निम्मं सदऱ्यालाच पुसलं जातं.

लिग्नोकेन खरोखर बधिर करतं: नसेतून मेंदूकडे जाणारा निरोपच अडवतं. 5 टक्क्यांचं मलम छोट्या, ठराविक जागेसाठी चांगलं. जागा धुऊन कोरडी करा, पातळ थर द्या, हात धुवा. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ते दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. अखंड कातडीतून औषध सावकाश उतरतं. पाच मिनिटांत गुण येत नाही म्हणून लोक थरावर थर देतात, आणि इथेच चुकतं. खाजवून सोललेल्या जागेतून ते भराभर रक्तात जातं. प्लास्टिक गुंडाळलं तरी तेच होतं. अमेरिकेत लेझरने केस काढण्याआधी पायांना बधिर करणारी क्रीम फासून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या 22 आणि 25 वर्षांच्या दोन तरुणी दगावल्या. तिथल्या औषध प्रशासनाने 2007 साली तसा इशारा काढला.

लहान मुलांचा हिशेब तर फारच तंग आहे. लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या किलोमागे 4.5 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोच्या बाळाला 45. एक ग्रॅम मलमात 50 मिलिग्रॅम असतात! डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलांना लावूच नका. मलम लावल्यावर तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, चक्कर किंवा बोबडी वळणं यांतलं काही दिसलं, तर मलम पुसून थेट दवाखाना गाठा.

बेन्झोकेन त्याच कामाचं, पण त्याची ॲलर्जी जास्त होते. केसांच्या काळ्या रंगाने ज्यांना पुरळ येतं त्यांनी ते टाळावं. क्वचित त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि ओठ निळे पडतात. मेंथॉल-कापराचा बाम अखंड कातडीवरच लावा, दोन वर्षांखालच्या मुलांना नको.

खाजकुयली वेगळी. तिच्या शेंगेवरची सोनेरी कुसळं कातडीत रुततात. हाताने चोळलं की आणखी पसरतात. चिकटपट्टी दाबून ओढा, दोन-तीनदा, दर वेळी नवी. मग साबणाने धुवा. ही खाज कुसळांतल्या प्रथिनामुळे येते, त्यामुळे ॲलर्जीच्या गोळीचा फारसा उपयोग नाही. कुसळं निघाल्यावर कॅलामाईन, आणि एकाच जागी आग राहिली तर तिथे लिग्नोकेन.

शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर मात्र मलम आधी लावू नका. काट्यातलं विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून बोट सोसेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवतात. पाणी दुखऱ्या हाताने नाही, धडधाकट हाताने तपासायचं. बधिर बोटाला चटका कळत नाही आणि काट्याच्या जखमेवर भाजल्याची भर पडते. काट्याचा तुकडा आत राहिला असेल किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील, तर दवाखान्यात जा.

काजूच्या सालीच्या तेलाने हात उतला तर साबणाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. बधिर करून काम चालू ठेवलं की चट्टे वाढतात. जांघेतलं गजकर्णही बधिर करून बरं होत नाही. त्यावर स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली तर खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी पसरत राहते.

लाल विंचू चावला तर कुठल्याच मलमात वेळ घालवू नका. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही विष हृदयापर्यंत पोचल्याची लक्षणं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू कमी करून दाखवले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं, म्हणून गाडी काढा.