सबक्रिटिकल की सुपरक्रिटिकल?

कोळसा मिलमध्ये दळायचा, पूड भट्टीत जाळायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं आणि जनरेटरमधून वीज काढायची, हा क्रम कोळशावरच्या या दोन्ही प्रकारच्या वीजकेंद्रांत तोच. फरक आहे तो बॉयलरमध्ये.

सबक्रिटिकल बॉयलरच्या माथ्यावर जाड पोलादाचा भलामोठा ड्रम असतो. भट्टीच्या भिंतींतल्या नळ्यांमधून पाणी आणि बुडबुड्यांचं मिश्रण वर येतं, ड्रममध्ये वाफ वेगळी होते, उरलेलं पाणी पुन्हा खाली. ऑपरेटरचा एक डोळा कायम ड्रमच्या पातळीवर: पाणी वाढलं तर थेंब वाफेबरोबर टर्बाइनकडे जायचा धोका, फार घटलं तर नळ्या जळायची भीती.

सुपरक्रिटिकलमध्ये दाब 221 बारच्या, म्हणजे पाण्याच्या क्रिटिकल दाबाच्या वर; सबक्रिटिकलमध्ये त्याखाली. त्या दाबाच्या वर उकळणं हा प्रकारच उरत नाही; पाणी तापत तापत सलग वाफेसारखं होत जातं. मग ड्रम हवा कशाला? चालू करताना आणि कमी भारावर सेपरेटर (वाफेतून पाणी वेगळं करणारं भांडं) लागतो, तेवढाच. ड्रमची जाड भिंत तापवायची नसल्याने भार लवकर वाढवता येतो. कार्यक्षमता साधारण 40 टक्क्यांच्या आसपास किंवा पुढे, सबक्रिटिकलची 35 ते 38. म्हणजे तेवढ्याच विजेला कोळसा कमी आणि कार्बन डायऑक्साइडही कमी.

पण पाण्याचे नखरे फार! ड्रममध्ये साठलेले क्षार ब्लोडाउनने, म्हणजे थोडं पाणी बाहेर सोडून, काढून टाकता येतात. इथे पाण्यातून जे येईल ते नळ्यांत नाहीतर टर्बाइनच्या पात्यांवर बसतं. शिवाय मिश्रधातू महागडे, वेल्डिंग जिकिरीचं. नव्या मोठ्या संचासाठी मी सुपरक्रिटिकलच निवडेन. लहान संचाला मात्र ड्रमच परवडतो.