इसार देण्याआधी करून घेतलेली घरतपासणी: माझा अनुभव

ज्या जुन्या वस्तीत भाव झपाट्याने चढतायत, तिथे एजंट आधी वस्ती दाखवतो आणि मग घर. नवे दिवे, रुंद झालेला फूटपाथ, बंद कारखान्याच्या जागी उभी राहिलेली ऑफिसं. आम्हाला आवडलेला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरचा. इमारत चाळिशी ओलांडलेली, घर मात्र आतून नवंकोरं: फॉल्स सिलिंग, गुळगुळीत पुट्टी, पांढरा रंग. त्या ताज्या रंगामुळेच मी इसार देण्याआधी घरतपासणी करणाऱ्या एका कंपनीला बोलावलं. हा रिव्ह्यू त्या सेवेचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण सांगायचं आहे ते कोणत्याही तपासनीसाकडून काय करून घ्यावं याबद्दल.

तपासणी कुठेही करावीच, पण अशा वस्तीत तिची गरज जास्त असते. नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने 1979 मध्ये मांडलं होतं की जागेचं आज मिळणारं भाडं आणि तीच जागा वेगळ्या वापराला लावली तर मिळू शकणारं भाडं यांतली दरी पुरेशी रुंदावली की पैसा त्या वस्तीकडे परत वळतो. ही दरी रुंदावण्यामागे अनेक वर्षांची आबाळ असते. भाडं कमी म्हणून मालक गच्चीचं वॉटरप्रूफिंग करत नाही, पाइप बदलत नाही, गिलाव्याचे पोपडे निघाले तरी बघत नाही. मग भाव चढतात आणि विकणारा आतून रंग मारतो. खांब तेच राहतात.

आलेल्या इंजिनीअरने आल्या आल्या फॉल्स सिलिंगमधले दिवे काढायला लावले आणि त्या भोकांतून टॉर्च मारून वरचा स्लॅब पाहिला. एजंट म्हणाला, "साहेब, सगळं नवीन आहे." इंजिनीअर म्हणाले, "सिलिंग नवीन आहे. मला स्लॅब बघायचाय." तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. वर सळयांच्या रेषेत तडे गेलेले होते. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतं आणि काँक्रीटला आतून फोडतं, त्यामुळे तडा सळईच्या रेषेतच जातो.

मग त्यांनी स्वयंपाकघरातल्या तुळईला आणि जिन्याजवळच्या खांबाला छोटी भोकं पाडून त्यांत फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन फवारलं. हा प्रकार प्रत्येक खरेदीदाराने उभं राहून बघावा. चांगलं काँक्रीट गडद गुलाबी होतं, कारण ते तीव्र अल्कधर्मी असतं आणि त्या गुणामुळेच आतल्या सळईला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरला की तो गुण जातो आणि तेवढा भाग रंगहीन राहतो. तुळईत गुलाबी रंग सळईच्या बराच अलीकडे सुरू झाला. खांबात तो सळईच्या मागे गेला होता, म्हणजे तिथलं संरक्षण संपलेलं.

रिबाउंड हातोड्याचे आकडेही त्यांनी घेतले, पण त्यांवर विसंबू नका असं स्वतःच सांगितलं. तो हातोडा पृष्ठभागाचा टणकपणा मोजतो आणि कार्बन मुरलेलं काँक्रीट उलट जास्त टणक भरतं. केवळ हातोडा मारून "मजबूत आहे" असं प्रमाणपत्र देणारे असतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. ओल शोधायला थर्मल कॅमेरा आणला होता. बाथरूमलगतची भिंत त्यात थंड दिसली आणि ओलावा मोजणाऱ्या मीटरने ते पक्कं केलं. कॅमेरा भिंतीच्या आत पाहत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, म्हणून मीटर हवाच. वायरिंग ठीक निघालं.

हे सगळं चालू असताना वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. खूप जुन्या भाडेकरू. त्यांनी मला विचारलं, "पाडायला आलात का?" मी म्हटलं, "नाही आजी, मी राहायला येतेय." त्यांचा चेहरा काही सैल झाला नाही, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. बदलत्या वस्तीत हातोडा आणि कॅमेरा घेऊन येणारा माणूस बरेचदा इमारत धोकादायक ठरवायलाच येतो, आणि तसा कागद झाला की कमी भाड्यात राहणाऱ्यांनाच पहिल्यांदा बाहेर पडावं लागतं. मी इंजिनीअरना तिथेच विचारलं की हा खांब पाडण्याइतका गेलाय का. ते म्हणाले, अजिबात नाही. सैल काँक्रीट काढायचं, सळया साफ करायच्या, लागेल तिथे जोडसळई द्यायची आणि दुरुस्तीच्या मॉर्टरने भरायचं. हेच वाक्य मी अहवालात लेखी मागितलं आणि त्यांनी दिलं. आजींनी त्यांना गच्चीवरची पाणी साचण्याची जागा दाखवली. एवढ्या उपकरणांनी न सापडलेलं ओलीचं मूळ तिथे सापडलं.

आता उणिवा. अहवाल जाडजूड, पण फोटोंखाली खोलीचं नावच नाही. कोणता तडा कुठला ते फोन करून विचारावं लागलं. सांडपाण्याच्या पाइपमध्ये कॅमेरा सोडला नाही, ते काम वेगळं असतं म्हणे. जुन्या इमारतीत बिघाडाचं मोठं घर तेच, त्यामुळे ते आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाजही इतका सैल होता की वाटाघाटीत त्याचा उपयोग झाला नाही. तो मी ठेकेदाराकडून वेगळा घेतला आणि त्यावर विकणाऱ्याने किंमत उतरवली. उतरलेली रक्कम आम्ही सामाईक दुरुस्तीसाठी बाजूला ठेवली आहे, कारण खांब आमच्या एकट्याचा नाही.

पाचपैकी चार तारे. तुम्ही बोलावलंत तर एजंटने सुचवलेला तपासनीस घेऊ नका, आणि फी व्यवहार झाला तरच मिळणार असेल तर त्याला बोलावूच नका. पावसानंतर लगेच तपासणी ठेवा. सामाईक भागांचा अहवाल वेगळा मागा आणि त्यात "दुरुस्तीयोग्य" की "नाही" हे कारणासकट लिहून घ्या. आमच्याकडची ती पानं मी इमारतीतल्या सगळ्यांना दिली, आजींना तर वाचून दाखवली. गच्चीच्या कामासाठी ठेकेदारांचे दर मागवायला सुरुवात झाली आहे.